मुलांच्या इमर्जन्सीतल्या सिस्टरचं कौतुक नेमकं कसं करावं? (सोलापूर)

जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. एका सिस्टरचं कौतुक करायचं आहे, पण ते तिच्या कामी येईल असं. कसं करतात?

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. आमची धाकटी चौदा महिन्यांची. अंगात ताप होता आणि रात्री एकदम आकडी आली. डोळे वर, हातपाय ताठ. आईने कांदा फोडला, शेजारच्या काकांनी हुंगवायला चप्पल आणली, मी रिक्षा आणली. मुलांच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत पोचलो तर आत एक सिस्टर आणि एक तरुण डॉक्टर, दोघेही पलीकडच्या खाटेवर गुंतलेले. सिस्टर धावत आली, पोरीला घेतलं, कुशीवर वळवलं आणि पहिला प्रश्न, "सुरू कधी झालं? घड्याळ बघितलं का कुणी?" डॉक्टरांनी तिथूनच सांगितलं तसा नाकात औषधाचा फवारा मारला. मग आमच्या लवाजम्यावर अशी ओरडली की काका चपलेसकट बाहेर. बायकोला मात्र थांबवून घेतलं. "तुम्ही डोक्याशी बसा, तिच्याशी बोलत राहा."

पुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. झटका थांबल्यावर पुढच्या औषधांसाठी डॉक्टरांनी वजन विचारलं. काकांनी दारातूनच ठोकून दिलं, "बारा किलो!" डॉक्टर लिहायला लागले. सिस्टर म्हणाली, "सर, बारा दिसत नाही." बायकोला पोरीसकट काट्यावर उभं केलं, मग एकटीला, आणि वजाबाकी केली. सव्वानऊ.

पोरगी ठणठणीत आहे. आता घरात वाद चाललाय. बायको म्हणते साडी द्यावी, वडील म्हणतात मंडळात शाल-श्रीफळ, भावाच्या मते गुगलवर पाच तारे दिले की झालं. पैसे देणं मला अपमानासारखं वाटतं. तुम्ही काय केलंत अशा वेळी?

हॉस्पिटलचं आणि सिस्टरचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. कृपया विचारू नये.

कडक_भाकरी

काका चपलेसकट बाहेर, हे वाचून हसून हसून वाट लागली.

शाल-श्रीफळ नको हो. सोलापुरात एकच शाल वर्षभर दहा सत्कारांत फिरत असते. आणि बाई रात्रपाळी करून आलेली, तिला मंडळाच्या स्टेजवर दोन तास बसवून नगरसेवकाची वाट बघायला लावणार. कौतुक आहे की शिक्षा?

वळसंगवाला

मी जरा वाईट बोलतो, राग मानू नका. ही तिची ड्युटी आहे, पगार घेते. एसटीच्या ड्रायव्हरने गाडी पंढरपूरला नीट पोचवली म्हणून त्याला कुणी साडी देतं का?

आणि ओरडण्याचं कौतुक मला कळलं नाही. घाबरलेल्या माणसांवर खेकसणं हा आपल्याकडच्या दवाखान्यांचा जुना रोग आहे. त्यालाच बक्षीस द्यायला लागलो तर झालंच.

हातमाग

ड्रायव्हरला धोतर देतात :) हलकं घ्या.

रातपाळी

मी स्वतः सिस्टर आहे, बरीच वर्षं लहान मुलांच्या विभागात काढलीत. (सोलापुरात नाही, त्यामुळे अंदाज बांधू नका.) आतून कसं दिसतं ते सांगते.

साडी दिलीत तर ती अडचणीत येईल. बऱ्याच हॉस्पिटलांत पेशंटकडून वस्तू घ्यायला मनाई असते. घेतली तरी "तिनेच का घेतली" यावर स्टाफरूममध्ये चर्चा. पेढ्यांचा बॉक्स आणलात तर तो सकाळच्या ड्युटीवरच्या लोकांत संपतो. रात्री जिने काम केलं तिच्या वाट्याला रिकामा बॉक्स आणि सुतळी. गुगलवर लिहिलंत तर हॉस्पिटलची जाहिरात होते, तिचं काही नाही.

उपयोगी पडतं ते पत्र. साधं, सहीचं पत्र. मेट्रन (म्हणजे सगळ्या सिस्टरांची प्रमुख) आणि वैद्यकीय अधीक्षक, दोघांच्या नावे. खासगी असेल तर व्यवस्थापकालाही एक प्रत. त्यात तारीख, कुठली पाळी आणि तिने नेमकं काय केलं. हे पत्र तिच्या वैयक्तिक फायलीत जातं. पगारवाढीच्या वेळी, इन्चार्ज नेमताना, दुसरीकडे नोकरीला जाताना ते बाहेर निघतं. ज्या हॉस्पिटलांना एनएबीएचचं (हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं) मानांकन असतं तिथे रुग्णांचे अभिप्राय नोंदवावेच लागतात, तिथे तर आणखी बरं.

आमच्या धंद्यातली खरी गंमत सांगू? लोक तक्रार लेखी करतात आणि कौतुक तोंडी. वीस वर्षं काम केलेल्या बाईची फाईल उघडली तर आत दोन तक्रारी आणि रजेचे अर्ज. वाचणाऱ्याला वाटणार, हिने आयुष्यात एवढंच केलं.

तिळगूळ

+१ पत्राला.

रातपाळी, "नेमकं काय केलं" म्हणजे किती नेमकं? मी एकदा लिहिलं होतं, "आपल्या रुग्णालयातील परिचारिका अत्यंत प्रेमळ व सेवाभावी आहेत." तेवढं पुरत नाही का?

रातपाळी

ते पत्र कुणालाही लागू पडतं, म्हणून कुणालाच लागत नाही. धागाकर्त्याने लिहिलेली वजनाची गोष्ट बघा. ती तशीच्या तशी पत्रात टाकायची.

स्टेथो

निवृत्त बालरोगतज्ज्ञ. वजनाबद्दल थोडं.

मुलांचा जवळजवळ प्रत्येक डोस किलोमागे असतो. सव्वानऊच्या मुलीला बाराचा डोस म्हणजे सुमारे तीस टक्के जादा. पॅरासिटॅमॉलचा एखादा डोस तेवढ्याने जादा गेला तर सहसा निभावतं. झटक्याच्या काही औषधांना श्वास मंदावण्याचा धोका असतो, तिथे हा फरक अंगाशी येऊ शकतो. पेटलेल्या प्रसंगात आम्ही वयावरून अंदाज बांधतो, ते योग्यच. काही ठिकाणी मुलाच्या उंचीवरून वजन सांगणारी ब्रोसलो टेप असते. पण मूल स्थिर झालं की पहिलं काम वजन. हे सगळ्यांना पाठ असतं आणि रात्री तीन वाजता नेमकं हेच राहून जातं. डॉक्टरने लिहायला घेतलेलं असताना "बारा दिसत नाही" म्हणायला नजर लागते आणि हिंमतही लागते. मी कनिष्ठ होतो तेव्हा मला अशा सिस्टरांनी वाचवलंय. मला म्हणजे माझ्या पेशंटना.

जाता जाता, तापातली आकडी सहा महिने ते पाच वर्षं या वयात येते. बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबते. कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर औषध द्यावंच लागतं, म्हणून "सुरू कधी झालं" हा प्रश्न पहिला. कांदा भाजीत घाला.

शेंगाचटणी

आमचा अनुभव. भाच्याला खोकला आणि छातीत घरघर. दोन ठिकाणी दम्याचं औषध, वाफ, सगळं झालं. तिसऱ्या ठिकाणी इमर्जन्सीत नेलं. तिथली सिस्टर वाफेचा मास्क लावता लावता माझ्या बहिणीला विचारते, "खोकला हळूहळू वाढला, की एकदम सुरू झाला? खाताना ठसका लागला होता का?" बहीण आठवून म्हणाली, हो, हुरड्याला गेलो होतो तिथे शेंगा खात पळत होता. सिस्टरने मास्क तसाच ठेवून डॉक्टरांना बोलावलं. "सर, उजवीकडे हवा कमी जाते असं वाटतंय, तुम्ही एकदा ऐका." दुर्बिणीने अर्धा शेंगदाणा निघाला.

माझं नाव बघून हसू नका. चार वर्षांच्या आतल्या पोरांना अख्खा शेंगदाणा देऊ नका, चटणी द्या.

आम्ही त्या सिस्टरसाठी काहीच केलं नाही. डॉक्टरांच्या पाया पडलो आणि घरी आलो. नाव शेंगदाणा काढणाऱ्याचं होतं, प्रश्न विचारणारीचं कोण लक्षात ठेवतो.

वळसंगवाला

शेंगाचटणी, हा किस्सा पटला. ती सिस्टर हुशार, मान्य. पण माझा मुद्दा ओरडण्याचा होता, त्याला कुणी हात घातला नाही.

मुक्काम_मोहोळ

मी घालतो.

आमच्या पुतण्याला शेतात इंचू चावला. लाल. पोरगं घामानं भिजलेलं, हात बर्फासारखे गार. सोलापूरला आणलं, गोळी दिली, सलाईन लावलं. पोरगं म्हणलं शू लागली. आमचे आजोबा उठले आणि त्याला उभं करायला लागले. सिस्टर तिकडून अशी ओरडली की अख्खा वॉर्ड दचकला. "उठवू नका त्याला! आडवंच ठेवा!" आजोबांना लई राग आला. म्हणले, एवढ्या म्हाताऱ्या माणसाला असं बोलतात का. नंतर तीच बाई मूत्रपात्र घेऊन आली, आजोबांना खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं, की या गोळीनं रक्तदाब खाली येतो, उभं केलं तर चक्कर येऊन पडेल.

आता तिनं आधी "आजोबा, कृपया" म्हणत बसायचं होतं का बे?

स्टेथो

ती गोळी म्हणजे प्राझोसिन. विंचूदंशावर तिचा वापर १९८०च्या दशकात महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवून दिला. त्याआधी लाल विंचवाने चावलेली मुलं हृदय आणि फुप्फुसं निकामी होऊन डोळ्यांदेखत जायची. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. मूल आडवं ठेवणं हा त्या उपचाराचा भागच आहे. दर थोड्या वेळाने लहान मापाच्या पट्ट्याने रक्तदाब बघणं, हातपाय गरम झाले का हे हाताने तपासणं, हे सगळं सिस्टर करते. औषध शोधणाऱ्याइतकंच ते देणारीवर अवलंबून असतं.

वळसंगवाला

ठीक. धोका असताना ओरडणं वेगळं. पण रांगेत उभ्या बाईवर "दिसत नाही का, थांबा" असं खेकसणं मी डोळ्यांनी पाहिलंय. ते या पांघरुणाखाली झाकू नका एवढंच.

पुण्यातली_सोलापुरी

वळसंगवाला यांच्याशी मी सहमत आहे, आणि हे पहिल्यांदाच होतंय.

उद्धटपणा आणि गडबडीतला चढा आवाज यातला फरक आपल्याला बाहेरून कळत नाही, ही खरी अडचण. कधी उलटंही होतं. गोड बोलणारी सिस्टर आपल्याला आवडते आणि तिने सलाईनचे थेंब तासभर बघितलेलेच नसतात. आपण कौतुक करतो ते स्वभावाचं. काम आपल्याला दिसतच नाही.

रातपाळी

पुण्यातली_सोलापुरी, अगदी मनातलं बोललात.

एक उदाहरण. आमच्याकडे एका आजीने तक्रार दिली होती, लेखी. "नातवाला धाप लागलेली असताना सिस्टर काहीही न करता घड्याळाकडे बघत बसली." ती काय करत होती? झबलं वर करून पोट-छाती उघडी केली होती आणि श्वास मोजत होती. बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा लागतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर चुकतं, कारण लहान मुलं मध्येच थांबतात, मध्येच भराभर घेतात. वर्षाच्या आतल्या बाळाचा पन्नास किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षं चाळीस किंवा जास्त म्हणजे वेगाचा श्वास. (दोन महिन्यांच्या आतलं असेल तर साठ.) रडताना मोजून उपयोग नाही, म्हणून ती बाळ शांत व्हायची वाट बघत होती. त्या एका मिनिटावर न्यूमोनिया धरला गेला. आणि त्याच मिनिटाची तक्रार फायलीत आहे.

हातमाग

आमच्या पूर्व भागात अर्ध्या घरांत तेलुगू. माझ्या आजीला मराठी समजतं पण घाबरली की फक्त तेलुगूच निघतं. केरळची सिस्टर होती, तिने आजीशी मोडक्या तेलुगूत बोलून पणतीला किती वेळा जुलाब झाले, शेवटची लघवी कधी झाली, सगळं काढून घेतलं. आम्ही घरचे "बरंच झालं" एवढंच सांगत होतो. मग वाटी-चमच्याने ओआरएस कसं पाजायचं ते आजीच्याच हातून करवून घेतलं. दर मिनिटाला एक चमचा. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा.

अक्कलकोट रोडकडून, इंडी-विजापूरकडून येणारे कानडी लोक वेगळेच. सोलापुरात सिस्टरला तीन भाषा लागतात आणि पगार एकाच भाषेत मिळतो.

कडक_भाकरी

आणि तोही हळू आवाजात.

निळी_टोपी

वेगळा सूर लावतो. एकीचं नाव काढलं की बाकीच्यांवर अन्याय होतो. त्या रात्री सिरिंज आणून देणारा मामा, ओकारी पुसणारी मावशी, पलीकडच्या खाटेवरचं मूल सांभाळणारा डॉक्टर? मी एका हॉस्पिटलच्या ऑफिसात काम केलंय. "महिन्याची उत्कृष्ट परिचारिका" असा फोटो भिंतीवर लावायचे. सहा महिन्यांत ती पाळीपाळीने मिळणारी गोष्ट झाली. यंदा कुणाची राहिली, तिला द्या.

रातपाळी

ते वरून दिलेलं होतं म्हणून तसं झालं. पेशंटच्या घरच्यांनी लिहिलेलं पाळीपाळीने येत नाही. आणि पत्रात मावशीचं, मामांचंही काम लिहा की. कागद पुरतो.

तिळगूळ

यावरून आठवलं, अमेरिकेत डेझी पुरस्कार म्हणून एक प्रकार आहे. १९९९ साली पॅट्रिक बार्न्स हा ३३ वर्षांचा तरुण प्लेटलेट घटण्याच्या एका आजाराने गेला. आजारपणात परिचारिकांनी त्याची आणि घरच्यांची जी काळजी घेतली, तिचे आभार मानायला घरच्यांनीच हा पुरस्कार सुरू केला. आता तो अनेक देशांत देतात. त्यात पेशंट किंवा नातेवाईक प्रसंग लिहून नाव सुचवतात, आणि तो प्रसंग सगळ्यांसमोर वाचला जातो. झिम्बाब्वेत हाताने कोरलेली दगडी मूर्ती मिळते. शिवाय पॅट्रिकला आवडायचे म्हणून अख्ख्या वॉर्डला दालचिनीचे रोल. निळी_टोपी, घ्या, मामा-मावशींचीही सोय झाली.

आपल्याकडे राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार आहे, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचा, १९७३ पासून. राष्ट्रपतींच्या हस्ते देतात. पदक, प्रशस्तिपत्र आणि आता एक लाख रुपये. १२ मे हा नाइटिंगेलबाईंचा जन्मदिवस, तोच परिचारिका दिन.

शेंगाचटणी

दालचिनीचे रोल कशाला, शेंगांची पोळी द्या. टिकते पण. सोलापूर ते झिम्बाब्वे जाईल, काही होणार नाही.

वळसंगवाला

पोळी चार वर्षांच्या आतल्यांना चालते का, ते स्टेथोंना विचारून घ्या.

स्टेथो

कूट बारीक असेल तर चालते. मलाही चालते.

पुण्यातली_सोलापुरी

थोडं अवांतर. परिचारिका आणि सोलापूर म्हटलं की मला चीन-जपान युद्धात जखमींवर उपचार करायला चीनला गेलेले डॉ. कोटणीस आठवतात. जन्म १९१० सोलापूर, मृत्यू १९४२ चीनमध्ये. स्मारक आहे, शाळेत धडा म्हणून ऐकलंय, सगळं आहे. पण त्यांची पत्नी ग्वो छिंगलान ही तिथे नर्सिंग शिकवायची, हे सोलापुरात किती जणांना माहीत असेल? युद्धाच्या धामधुमीत नवरा गेला तेव्हा पदरात काही महिन्यांचं मूल होतं. आपल्या गोष्टीत ती "डॉक्टरांची चिनी बायको" एवढीच उरते.

मुक्काम_मोहोळ

खरंच माहीत नव्हतं. आणि मी त्या स्मारकाजवळून, भैय्या चौकातून रोज जायलोय.

निळी_टोपी

धागा चीनला पोचला. मूळ मालक कुठे आहेत?

जुळे_सोलापूर

इथेच आहे, सगळं वाचतोय. साडी रद्द, मंडळ रद्द (वडील रुसलेत). पत्राचा मसुदा टाकतो, सुधारा.

*प्रति, मेट्रन / वैद्यकीय अधीक्षक. महोदय/महोदया, दि. … रोजी रात्रपाळीत माझ्या १४ महिन्यांच्या मुलीला तापात झटका आल्याने आपल्या इमर्जन्सी विभागात आणले. त्या वेळी ड्युटीवर असलेल्या देवदूतासमान सिस्टर श्रीमती … यांनी आम्हा सर्वांवर ओरडून परिस्थिती हाताळली. मुलीला तात्काळ कुशीवर घेतले, झटका सुरू झाल्याची वेळ विचारून नोंदवली व डॉक्टरांच्या सूचनेनुसार नाकातून औषध दिले. मुलीच्या आईला जवळ थांबू दिले. नातेवाइकांनी सांगितलेले १२ किलो वजन त्यांना पटले नाही. त्यांनी स्वतः वजन करून ते ९.२५ किलो असल्याचे डॉक्टरांच्या निदर्शनास आणले व त्यानुसार पुढील डोस ठरला. त्यांच्या सेवाभावी वृत्तीस त्रिवार वंदन. तसेच त्या रात्री खोली स्वच्छ करणाऱ्या मावशींचेही आभार. हे पत्र सिस्टरांच्या सेवापुस्तकात अथवा वैयक्तिक फायलीत ठेवावे, ही विनंती.*

रातपाळी

"देवदूतासमान" काढा. "त्रिवार वंदन" पण काढा. देवदूताला पगारवाढ लागत नाही असं व्यवस्थापनाचं मत असतं. बाकी उत्तम. वजनाचं वाक्य पहिल्या दोन ओळींत घ्या, मेट्रन तेवढंच वाचते.

वळसंगवाला

"सर्वांवर ओरडून" असं लेखी देऊ नका हो! उद्या कुणीतरी तेवढीच ओळ लाल शाईने अधोरेखित करेल. "अनावश्यक गर्दी तत्परतेने बाजूला केली" असं लिहा. मी तीस वर्षं सरकारी पत्रं लिहिलीत.

कडक_भाकरी

वळसंगवाला पत्र सुधारून द्यायलेत! आज रविवार आहे का अमावस्या?

निळी_टोपी

आणि दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घ्या. तोंडी "ठेवा तिथे" म्हणाले तर ठेवू नका. पोच दिलेलं पत्र हरवत नाही, कारण हरवलं तर उत्तर द्यावं लागतं. पोचेचा फोटो सिस्टरना दाखवा. कधी कधी फायलीत काय गेलंय ते त्यांनाच कळवत नाहीत.

जुळे_सोलापूर

सगळे बदल केले. वळसंगवाला, विशेष आभार. एकच शंका, तिथली मेट्रन केरळची आहे. पत्र इंग्रजीत करू का?

रातपाळी

मराठीतच द्या. पंचवीस वर्षं रजेचे अर्ज मराठीत वाचून तिचं मराठी माझ्यापेक्षा पक्कं झालेलं असेल. फक्त सकाळी नऊच्या आत जाऊ नका, तेव्हा राउंड असतो.

जुळे_सोलापूर

बरं. सोमवारी साडेदहाला जातो.